जाजमाला पाय लागू द्या

मित्रांनो, मी एक जुनं जाजम आहे. जुनं म्हणजे किती, तर अडीचशे वर्षांचं. थांबा, हसू नका, सगळं सांगतो.

मी जन्मलो इंग्लंडात. जाडजूड कॅनव्हास चौकटीवर ताणला आणि त्यावर तेलाच्या रंगाचे थरावर थर चढवले. एक वाळला की दुसरा, असं महिनेन् महिने. मग काळेपांढरे चौकोन काढले, म्हणजे लांबून वाटावं, संगमरवरच. मला एका व्यापाऱ्याच्या घरात जेवणाच्या टेबलाखाली अंथरलं. शेजारच्या खोलीत तुर्की गालिचा होता, तो भारी तोऱ्यातला. पण रस्सा सांडला, पाव पडला, चिखलाचे बूट आले, की सगळे माझ्याकडेच. काय मजा यायची म्हणून सांगू.

पुढे नव्या तऱ्हेच्या फरश्या निघाल्या आणि मी माळ्यावर गेलो. फार वर्षं गेली तिथं. मग त्याच घराण्यातल्या एकानं मला सिंगापूरला आणलं, आणि २००६ साली परत जाताना त्यानं मला तिथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या त्याच्या ऑफिसातल्या अंजलीताईंना भेट दिलं. झालं, मी त्यांच्या आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये.

आणि तिथं मला भिंतीवर टांगलं. अंजलीताईंचे मिस्टर उज्ज्वल म्हणाले, "एवढी जुनी वस्तू, हिच्यावर पाय ठेवायचा?" त्यांच्या मुलीचा, एकताचा, खेळताना चुकून पाय लागला तरी तिला मला हात लावून तो कपाळाला लावायला लागायचा. अहो, मी जाजम आहे, देव नाही. वर आणखी सोमवारी काचेची फ्रेम बसवणारा येणार होता. एकदा काचेत गेलो की संपलं, पुन्हा कुणाचा पाय लागायचा नाही. मला रडूच येत होतं.

त्या सोमवारच्या आधीच वेसाकची सुट्टी आली, म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. वंदनेला पांढऱ्या कपड्यांत पंधरा-वीस माणसं आली. खुर्च्या पुरेनात, टाइल्स गार. उज्ज्वलचे वडील भाऊसाहेब औरंगाबादहून आले होते. ते म्हणाले, "ते काढा भिंतीवरचं."

"बाबा, ते अँटिक आहे."

"जाजम टांगलेलं पहिल्यांदा बघतोय मी. उद्या चटईला हार घालशील."

सगळे हसले. उज्ज्वलनी तोंड वाकडं करत मला अंथरलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी पाय. गरम, अनवाणी पाय. वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या, आणि उज्ज्वलच्या मित्राच्या, नागसेनच्या हातून वाटी सटकली. सगळी खीर माझ्यावर.

नागसेन म्हणाला, "उज्ज्वल, मी भरून देतो रे."

"कुठून देशील," उज्ज्वल म्हणाले. "इंग्लंडातल्या पणजोबाकडून?"

तेवढ्यात एकतानं ओलं फडकं आणून खसाखसा पुसलं, आणि तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, ऑलरेडी क्लीन लाह. बघा ना, इथं जास्त चमकतंय."

चमकणारच की, खिरीत दूध असतं ना. इंग्लंडात मोलकरणी मला मुद्दाम दुधानं घासायच्या, चकाकी यावी म्हणून. मला तर माहेरचा पाहुणचार झाल्यासारखं वाटलं.

उज्ज्वल खाली वाकले. पुसलेल्या जागेवर बोट फिरवलं, मग हळूच पाय ठेवला, मग दुसरा. तिथंच उभं राहून त्यांनी फोन लावला. "सोमवारी येऊ नका. हो, फ्रेम नको. आम्हाला बसायला लागतंय ते."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू जपून जपून कंटाळली असेल. तिला बाहेर काढा, वापरा. मला ओल्या फडक्यानं पुसा, ठेवायचंच तर गुंडाळून ठेवा, घडी नका घालू, रंग तडकतो. बाकी माझं काही मागणं नाही. पाय धुतलेत ना? मग या, बसा.