मोटरच्या भोकातलं तेल

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळा रस्ता वहिनी म्हणे, कारण तिची नणंद घरादारात तिला त्याच नावाने हाका मारत फिरे. दिवसा दुकानात स्क्रूड्रायव्हर आणि संध्याकाळी मशीन दुरुस्तीचा ब्लॉग, हा वहिनीचा नऊ वर्षांचा शिरस्ता. त्यात एक खोड होती. लेखात काही चुकलं तर ती चूक पुसायची नाही. लेखाच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहायची, "इथे माझं चुकलं."

"अगं वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची असते," नणंद म्हणे. "तू तर दवंडी पिटतेस!"

त्या सकाळी एका मोठ्या वेबसाइटचा करार आला. ब्लॉग त्यांचा, वहिनीने पगारावर लिहायचं, आणि दुखऱ्या अंगठ्याला दुकानातून कायमची सुट्टी. वहिनीला मनापासून आनंद झाला, नाही कशाला म्हणायचं. सही दुपारपर्यंत हवी होती.

तेवढ्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. "तुमचं वाचून मशीनच्या सगळ्या भोकांत तेल सोडलं. मोटरमधून धूर निघाला! शाळेचे तीस गणवेश अडकलेत माझे."

वहिनीने मशीनची बनावट विचारून घेतली. तिने तशाच बनावटीचं मशीन फळीवरून उतरवलं आणि मोटर उघडली. तिच्या एका भोकात तेल नाही, घट्ट ग्रीस लागत होतं. तेल आत गेलं की मोटर जळायचीच. चूक शंभर टक्के तिची होती.

तिने वेबसाइटच्या संपादकाला फोन लावून चूक सांगितली.

"एवढंच ना मॅडम? सही करा, आमची माणसं ती ओळ गुपचूप बदलतील. तुमची लाल अक्षरं तशीही काढायचीच आहेत. शेजारी मशीन कंपनीची जाहिरात, आणि वर चुकांची पाटी? बरं दिसत नाही."

"आणि ज्यांनी आधीच तेल घातलंय, त्यांचं काय?"

"त्यांना काय कळतंय कुणाचं चुकलं ते!"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांना आज कळलं नाही तर ते उद्या पुन्हा मशीन चालू करतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग लाल अक्षरांत लिहिलं: इथे माझं चुकलं. मोटरच्या भोकात तेल घातलं असेल तर मशीन चालू करू नका. दुकानात घेऊन या. चूक माझी, दुरुस्तीही माझी.

खाली पत्ता दिला.

"आणि करार?" नणंदेने विचारलं.

"गेला."

"अंगठा?"

"तो आहे अजून."

नणंदेने कपाळावर हात मारला आणि आलेल्यांसाठी खुर्च्या मांडायला घेतल्या.

दुपारपर्यंत चौघं मशिनं घेऊन दारात उभी होती, चौघंही तणतणत. गणवेशवाल्या बाई सगळ्यांत पुढे. वहिनीने त्यांची मोटर उघडली. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने स्वतःचं मशीन आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"गणवेश होईपर्यंत हे वापरा. तुमची मोटर मी बदलते."

बाईंनी ते मशीन जवळ ओढलं.

"भांडायचं म्हणूनच आले होते मी," त्या म्हणाल्या. "पण दार उघडं असेल असं नव्हतं वाटलं."