शकुनच्या नावाची आंघोळ

"उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको. हाये तिथंच उभी राय," माझे सासरे, मामाजी, आतल्या बाजेवरून म्हणाले.

माझी नणंद शकुन उचललेला पाय मागे घेऊन ओसरीवरच थांबली. बडनेऱ्याहून टांगा करून आली होती. अंगावर साधं पांढरं पातळ, केसांत धूळ. जिला पडद्यावर बघायला अमरावतीत लोक तिकिटाच्या खिडकीपाशी एकमेकांच्या उरावर चढत, ती आमच्या दारात चोरासारखी उभी! मला सासऱ्यांचा असा राग आला म्हणता.

"बाबा, मी शकुन हावो."

"शकुन मेली माही. तिच्या नावानं आंघोळ केली मी."

केली होती, खरंच. लुगडं नेसायला लागली नाही तोच ही पोर सिनेमाच्या कंपनीबरोबर मुंबईला निघून गेली. मामाजींनी, भगवंतराव माळ्यानं, मग भर दुपारी विहिरीवर बसून डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या, तेरावं घातलं, जातभाई जेवून गेले. मी या घरात आले ती त्यानंतर. मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, तुला नणंद नाही.

नाही कशी? माझं माहेर बार्शीटाकळीचं, मामा अकोल्याला. तिथल्या सिनेमाच्या तंबूत मी तिला लहानपणीच पाहिली होती. तेव्हा सिनेमा मुका होता. ही बया तलवार घेऊन घोड्यावरून उडी मारायची आणि आम्ही पोरी घरी येऊन गाईच्या पाठीवर बसायला बघायचो. पुढे ती देवी झाली. लोक चपला बाहेर काढून तंबूत शिरत, पडद्यापुढे नारळ फोडत. मग बोलपट आले आणि जुन्या नट्यांपैकी अर्ध्या घरी बसल्या. हिची जीभ तर आमच्यासारखीच, मले-तुले करणारी. पण गडीण हटली नाही. शास्त्रीबुवा ठेवून शुद्ध बोलायला शिकली, गायला शिकली, पुन्हा उभी राहिली. त्यानंतर नायिकेची थोरली बहीण झाली, मग आई झाली, आणि आता जर्मनची लढाई संपता संपता सुनेला विष पाजणारी खाष्ट सासू. एका बाईनं एका जन्मात किती बाया व्हावं!

मामाजींनी यातलं काही पाहिलं नाही. तंबूची पायरी चढले नाहीत ते. पण देवीचा सिनेमा इथं लागला तेव्हा तंबूवाला ओमप्रकाश पडद्याला घालायचा हार आमच्याकडेच सांगून गेला होता. मामाजींनी मला फुलाला हात लावू दिला नाही. दंडाएवढा जाड शेवंतीचा हार एकट्यानं ओवला. "देवीले चालला," एवढंच म्हणाले. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. आता मोतीबिंदू, त्यात विहिरीपाशी पडून मांडीचं हाड गेलं. तापात एकदा लेकीचं नाव घेतलं त्यांनी. मी कुणाला न विचारता ओमप्रकाशला गाठलं. तो रिळं आणायला मुंबईला जातच असे. म्हटलं, तिला सांगा, म्हातारा आहे तोवर येऊन जा.

आणि आता हे!

अंगण तोवर भरलं होतं. शेजारच्या पार्बताबाई सुनेला घेऊन आल्या, शकुनचं तोंड बघितलं आणि सुनेला पाठीमागे ओढलं.

"अवं, सुनेले इख घालनारी हेच काय?"

"इख नोतं मावशी," शकुन हसली, "गुळाचं पानी होतं थे."

काल घरातून गेल्यासारखी बोलली. बाजेवर मामाजींचं तोंड आवाजाच्या दिशेला वळलेलं मी पाहिलं. शकुननंही पाहिलं असावं. ती उंबऱ्याबाहेर खाली बसली.

"बाबा, माफी मांगाले नाई आली मी. गेली ते गेली. पुन्हा तशी येळ आली तं पुन्हा जाईन. पन घडीभर तुमच्याजवळ बसू द्या मले."

"राग नाई वं मले," मामाजी म्हणाले. "राग कवाच सरला. पन लोक तेराव्याचं जेवले. मेलेलं मानूस घरात घेतलं तं घराचं वाटोळं होते. लेकरंबाळं हायेत इथं. काय करू मी?"

म्हातारा आपणच घातलेल्या पाण्यात बुडत होता. मला त्याचा राग धरता येईना.

मामाजींची थोरली बहीण मैनाबाई कोपऱ्यात फुलं निवडत होत्या. शकुनची आई तिच्या लहानपणीच वारलेली, या आत्याबाईंनीच तिला वाढवलं. त्यांनी फुलांची टोपली बाजूला सारली.

"मेलेलं घेता येत नाई, खरं हाये," त्या म्हणाल्या. "जल्मलेलं तं घेता येते नं? वच्छले, पाळणा काढ."

"आत्याबाई, अवं..."

"काढ म्हनलं नं!"

शास्त्रात असं बसतं की नाही, देव जाणे. भटजीला विचारायला कुणी गेलं नाही. मी माळ्यावरून पाळणा काढला, धुतला, ओसरीच्या आढ्याला टांगला. चुलीवर घुगऱ्या चढवल्या. आत्याबाईंनी शकुनला न्हाणीत नेऊन बेसन लावून ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, गालाला काजळाची तीट लावली. पार्बताबाईंनी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवलं. आता त्यांना सुनेच्या जिवाची काळजी राहिली नव्हती, दोरी काही केल्या सोडीनात. शकुन पाळण्याशेजारी पाटावर बसली.

"एवढी कामं केली," ती म्हणाली, "पन तान्ह्या पोरीचं कोनी देल्लं नोतं मले." बाया खो खो हसल्या. तीही हसली आणि हसता हसता पदरात तोंड खुपसून रडायला लागली. आत्याबाईंनी पदर ओढून काढला.

"रड. तान्हं लेकरू रडतेच."

मग त्यांनी तिच्या कानाला तोंड लावलं, कुर्र केलं, नाव सांगितलं. आम्ही रीतीप्रमाणे आत्याबाईंच्या पाठीत गुद्दे घातले. पार्बताबाईंचा गुद्दा सगळ्यांत जोराचा होता.

गलका थांबला तेव्हा आतून आवाज आला.

"मैनाबाई, काय ठेवलं वं नाव पोरीचं?"

"शकुन."

आम्ही बाया घुगऱ्यांचे हात तसेच धरून दाराकडे बघत राहिलो.

"चांगलं हाये," मामाजी शेवटी म्हणाले. "माह्या लेकीचंबी हेच होतं."

आणि दोन्ही हात टेकून, कण्हत कण्हत, ते बाजेवर भिंतीकडे सरकले. कडेला एका माणसापुरती जागा झाली.