शून्य सेकंदांचे कॉल

आईला जाऊन सोळा दिवस झाले. पाहुणे पांगले आणि डिंभे गावातल्या आईच्या घरात मी एकटी, लॅपटॉप घेऊन प्रबंधासाठी वाचत बसले. विषय असा की मोबाइल कॉलच्या नोंदींवरून गरीब देशांतली गरिबी मोजता येते का. आफ्रिकेतल्या एका देशावरच्या लेखात तळटीप होती : 'शून्य सेकंदांचे कॉल निरर्थक म्हणून वगळले आहेत.' माझ्या मार्गदर्शक बाईंनी सकाळी कळवलं होतं, तुझ्या डेटातूनही अशा कॉलच्या ओळी काढ, आजच.

आईचे जवळजवळ सगळे कॉल शून्य सेकंदांचे. रोज संध्याकाळी सातला एक रिंग द्यायची आणि कापायची. म्हणजे जेवले, बरी आहे. मी उचलायचा नाही, असं ठरलेलं. एकदा चुकून उचलला तर म्हणाली, "उचललास व्हय? आता बोलायचं काय, ते तूच सांग."

शेवटच्या संध्याकाळी मात्र रिंग वाजतच राहिली. कापायचं विसरली, म्हणून मी हसले. उचलला नाही. पहाटे गोरखमामाचा फोन आला, आई गेली म्हणून.

एक रिंग काय, पूर्ण रिंग काय, नोंदीत दोन्ही शून्यच. मला तर एवढंच जाणून घ्यायचं होतं : तिनं मला हाक मारली होती का?

शेजारची लंकाबाई भाकरी घेऊन आली.

"मावशी, त्या दिवशी आईनं फोन केला तेव्हा तू होतीस?"

"म्याच लावला की! तिचा हात थरथरत व्हता. म्हनली, लंके, सातचा वाजव, न्हाईतर पोर घोर लावून बसंल. म्या आपली कानाला धरून बसले. तू काय उचलंना."

"एका रिंगनंतर कापायचा असतो तो."

"आगं बया! ते कुठं सांगितलं तिनं?" तिनं भाकरीवरचं फडकं सारखं केलं. "लई वाजला का गं?"

"हो."

म्हणजे त्या संध्याकाळीही आईनं बरी आहे, एवढंच कळवलं होतं.

लंकाबाई गेल्यावर मार्गदर्शक बाईंना लिहायला घेतलं : 'शून्य सेकंदांच्या ओळी काढत नाही. कारण...' पुढे सुचेना. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. उपडा ठेवलेला फोन मी सुलटा केला आणि पुन्हा 'कारण'पाशी आले.