दोन मामांचा विमानप्रवास

हनुमंत गोलेकर आणि त्याचा थोरला भाऊ गहिनीनाथ खर्ड्यात एकाच अंगणात राहत होते आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अंगणात तुळस एकच होती. तिला पाणी कुणी घालायचं हे दोघांच्या बायका आपसांत ठरवत आणि नवऱ्यांना सांगत नसत.

भांडण बोअरवरून झालं होतं. दोघांनी मिळून बोअर घेतला आणि तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. मग जागा कुणी दाखवली, हा प्रश्न उरला. हनुमंत म्हणायचा दादानं, गहिनीनाथ म्हणायचा हणमंतानं. तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारा जो पाणाड्या त्या दिवशी हजर होता, तो पुढच्याच वर्षी वारला. त्यामुळे साक्षीला कुणी राहिलं नाही. तेव्हापासून दोघं तिसरं माणूस मध्ये घेऊन बोलायचे. "तेंना सांग, म्हैस सुटली," असं हनुमंत आपल्या बायकोला म्हणायचा. गहिनीनाथ चार हातांवर उभा असायचा. बायको पदर सारखा करून म्हणायची, "दादा, म्हैस सुटली." मग गहिनीनाथ जाऊन म्हैस बांधायचा.

त्यांची बहीण छबूबाई दोघांहून मोठी, शेवगावला दिलेली. दोघं तिला आक्का म्हणत. तिची मुलगी पंकजा मलेशियात क्वालालंपूरला नोकरीला होती, आणि तिनं तिथल्याच एका तमिळ घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं. आक्का आधीच लेकीकडे जाऊन राहिली होती. तिथून तिनं खर्ड्याला दोन फोन केले, कारण एका फोनवर दोघं भाऊ आले नसते.

"मामा असल्याबगर पोरगी बोहल्यावर चढत न्हाई," ती हनुमंताला म्हणाली.

"मग येक मामा पुरे की."

"मला दोन हायेत," आक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आला. गहिनीनाथाच्या वागणुकीबद्दल त्यानं शेजाऱ्याला विचारायचं ठरवलं, आणि शेजारी हनुमंतच होता. "माणूस कसा हाय?" पोलिसानं विचारलं. हनुमंतानं विचार केला. "माणूस चांगला हाय," तो म्हणाला. "बोलत न्हाई." पोलिसानं तेवढंच लिहून घेतलं. गहिनीनाथानं भावाबद्दल काय सांगितलं ते हनुमंताला कधी कळलं नाही, पण पासपोर्ट दोघांचेही आले.

तिकिटं पंकजानं काढली. थेट विमान होतं, पण तिनं मुंबईहून कोलंबोला जाणारं आणि तिथं अर्धा दिवस बसवून ठेवणारं निवडलं. थेट विमानापेक्षा ते इतकं स्वस्त होतं की फरकात एक चांगली गाभण शेळी आली असती. सामान माणशी सात किलो, तेही हातात मावेल तेवढंच. दोघांच्या बायकांनी मिळून वाटणी केली. गहिनीनाथाच्या पिशवीत खाणं, हनुमंताच्या पिशवीत आहेराचं लुगडं आणि आक्कासाठी काळा मसाला. कपडे अंगावरच जास्त चढवले. मे महिन्यात गहिनीनाथ दोन सदरे आणि जाकीट घालून एसटीत पुढच्या बाकावर बसला, हनुमंत मागच्या. विमानात जागा आपोआप लांब लांब आल्या. दोघांनाही ते बरं वाटलं.

कोलंबोच्या विमानतळावर पोचले तेव्हा पहाट होती. बाहेर पडायची परवानगी वेगळी काढावी लागते आणि ती पंकजानं काढली नव्हती, त्यामुळे अर्धा दिवस आतच काढायचा होता. एका मोठ्या दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या. गहिनीनाथ एका खुर्चीवर बसला. हनुमंत एक खुर्ची सोडून बसला. त्या मधल्या खुर्चीवर तेवढ्या वेळात बरीच माणसं येऊन बसली आणि उठून गेली. कुणी बसलं की हनुमंताला आधार वाटायचा.

न्याहारीच्या वेळी गहिनीनाथानं पिशवीतून धपाट्यांचं फडकं काढलं. मधली खुर्ची तेव्हा रिकामी होती. गहिनीनाथानं इकडेतिकडे पाहिलं. एक म्हातारा झाडूवाला फरशी पुसत जवळ आला होता. गहिनीनाथ त्याला म्हणाला, "तेंना म्हनावं, खाऊन घ्या."

झाडूवाल्याला मराठी येत नव्हतं. त्यानं हसून एक धपाटं उचललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. मान डोलावली. गहिनीनाथानं दुसरं धपाटं त्याच्या हातावर ठेवलं आणि हनुमंताकडे बोट केलं. आता मात्र झाडूवाल्याला कळलं. त्यानं ते धपाटं नेऊन हनुमंताच्या हातात दिलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि बादली घेऊन पुढं गेला. हनुमंतानं धपाटं खाल्लं. शेंगदाण्याची चटणी मागायची होती, पण माणूस निघून गेला होता.

उन्हं वर आल्यावर गहिनीनाथ पाय मोकळे करायला म्हणून उठला आणि लांब काचेपाशी जाऊन बसला. तिथून विमानात सामान भरताना दिसत होतं. बराच वेळ तो ते काम बघत होता. शेतकऱ्याला दुसऱ्यानं माल भरलेला बघायला आवडतं.

तेवढ्यात हनुमंताच्या आजूबाजूची माणसं एकदम उठायला लागली. तो काउंटरवरच्या मुलीकडे गेला आणि हातातला कागद दाखवला. तिनं सावकाश हिंदीत सांगितलं की विमान आता दुसऱ्या दरवाजातून सुटणार, दरवाजा दुसऱ्या टोकाला आहे, आणि लगेच निघा. हनुमंत म्हणाला, माझ्याबरोबर एक जण आहे. मुलगी म्हणाली, मग त्यांना बोलवा. हनुमंत म्हणाला, तुम्हीच बोलवा.

मुलीनं माईकवर नाव घेतलं. ते "गाहानिनात गोलिकार" असं काहीसं झालं. सगळ्या दालनात ते दोनदा घुमलं. हनुमंत काचेकडे बघत होता. गहिनीनाथानं ऐकलं, आणि असा कोण बेजबाबदार माणूस हरवला आहे, अशा नजरेनं त्यानं आसपास पाहिलं. मग पुन्हा सामानाकडे वळला.

हनुमंत दोन्ही पिशव्या उचलून काचेपाशी गेला. वाटेत तो तिसरं माणूस शोधत होता. गहिनीनाथाच्या शेजारी एकच जण होता, कानांवर काहीतरी लावून गाढ झोपलेला. हनुमंत भावाच्या मागं उभा राहिला. खांद्याला हात लावावा असं त्याच्या मनात आलं, पण नऊ वर्षांत हातही लावला नव्हता. एकट्यानंच पुढं जावं, असंही क्षणभर वाटून गेलं. पण मग आक्काला काय सांगायचं? आणि त्याहून खरं म्हणजे, त्या अनोळखी मुलुखात दादा दिसेनासा झाला तर आपल्याला रडू येईल, अशी त्याला धास्ती वाटली. चोपन्न वर्षांच्या माणसाला ते शोभलं नसतं.

"दादा," तो म्हणाला.

गहिनीनाथ वळला नाही. पण त्याचे कान हलले. ते लहानपणापासून हलायचे.

"दादा, इमान दुसऱ्या दारातनं सुटतंय."

गहिनीनाथ झोपलेल्या माणसाकडे बघून म्हणाला, "तेंना सांगा, मला वेळ म्हाईत हाय."

"त्यो झोपलाय," हनुमंत म्हणाला. "मीच सांगतोय."

"कोन सांगतंय?"

"मी. हणमंता."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

त्याचा गुडघा दुखरा होता, त्यामुळे पिशव्या हनुमंतानंच घेतल्या. दोघं चालत चालत, मग थोडे पळत, दुसऱ्या टोकाला पोचले.

या विमानात दोघं एकाच रांगेत आले. गहिनीनाथ खिडकीशी, हनुमंत वाटेच्या कडेला आणि मध्ये डोक्याला रुमाल बांधलेली एक मलेशियन बाई. विमान वर गेलं, खाली समुद्र दिसायला लागला. गहिनीनाथ समुद्राकडे बघतच म्हणाला, "जागा तूच दावली हुतीस."

पुढचं-मागचं काही सांगावं लागलं नाही. "मी लिंबापाशी म्हनालो हुतो," हनुमंत म्हणाला. "तिथं पाडलाच न्हाई."

"लिंबापाशी पाडला असता तर लिंब गेला असता."

"गेला असता तर गेला असता."

"आज्यानं लावलेला कडूलिंब हाय त्यो."

मधल्या बाईनं एकदा इकडं आणि एकदा तिकडं पाहिलं. मग ती उठली आणि हनुमंताला आपल्या जागेवर सरकायची खूण केली. हनुमंत सरकला. भांडण आता जवळून करता यायला लागलं. बोअर झाला, मग गाडीवाट झाली, मग मळणीयंत्र कुणी कुणाला विचारून विकलं ते झालं. दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही, कारण विमानात बाकीचे झोपले होते. मग गहिनीनाथ म्हणाला, "तुझा पार्थ नगरला दवाखान्यात हुता तवा मी आल्तो."

"म्हाईत हाय."

"वर न्हाई आलो. खाली झाडाखाली हुतो. दोन दिस."

"वरच्या खिडकीतनं दिसत हुतास," हनुमंत म्हणाला.

"मग बोलवायचं."

"कुनाला सांगून बोलवू? बायको पोराजवळ आत हुती."

गहिनीनाथानं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर ढगांशिवाय काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. हनुमंतानं समोरच्या खिशातला, विमान बुडालं तर काय करायचं त्याचा कागद काढून सगळी चित्रं पाहिली. पार्थ आता पुण्यात नोकरीला होता आणि त्याची तब्येत उत्तम होती.

विमान खाली यायला लागलं तेव्हा खिडकीतून हिरव्या झाडांच्या ओळीच्या ओळी दिसल्या. गहिनीनाथ मागं सरकला आणि हनुमंताला वाट करून दिली.

"कशाची लागवड आसंल?" गहिनीनाथानं विचारलं.

"नारळ?"

"नारळ न्हाई. नारळाचा शेंडा असा दिसत न्हाई."

"अंतर मातर सारखं ठेवलंय," हनुमंत म्हणाला. त्यावर दोघांचं एकमत झालं.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं दोघांना एकदम समोर बघून दोन बोटं जवळ आणली आणि विचारलं, "टुगेदर?" हनुमंतानं दादाकडे पाहिलं. हा प्रश्न थोरल्यानं घ्यायचा होता. गहिनीनाथानं जाकीट सारखं केलं. "व्हय," तो म्हणाला. अधिकाऱ्यानं शिक्के मारले.

बाहेर आक्का आणि पंकजा उभ्या होत्या. दोघं भाऊ गर्दीतून आले तेव्हा मळणीयंत्राचा विषय पुन्हा निघाला होता. आक्कानं लांबूनच ते ऐकलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काई न्हाई," दोघंही म्हणाले.

आक्का वळली आणि भिंतीवरच्या एका जाहिरातीकडे बघत उभी राहिली. जाहिरात मलय भाषेत होती. पदरानं डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "धपाटी उरलीत का?"

लग्न देवळाच्या हॉलमध्ये झालं. तमिळ भटजींनी मुलीचा मामा कोण असं विचारलं, तेव्हा दोघं एकदम पुढं झाले. भटजी म्हणाले, एक पुरे. गहिनीनाथ म्हणाला, "तसं न्हाई." हनुमंत म्हणाला, "तसं न्हाई." पंकजानं ते भटजींना समजावून सांगितलं, काय सांगितलं ते कुणालाच कळलं नाही. मग एकीकडून एक आणि दुसरीकडून एक असे दोघं तिला घेऊन मांडवात आले. वाट अरुंद होती, त्यामुळे थोडी ढकलाढकली झाली. पंकजा हसत होती.

खर्ड्याला परतल्यावर सगळं सुरळीत झालं असं गावाला वाटलं, पण तसं काही झालं नाही. चुली वेगळ्याच राहिल्या. मळणीयंत्राचं अजून चालू आहे. फक्त आता मध्ये कुणी लागत नाही. परवा वेशीजवळच्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, परदेश कसा होता. हनुमंत सांगायला लागला की तिथं पाऊस रोज दुपारी चारला येतो.

"चारला न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "साडेचारला."

"मग तूच सांग," हनुमंत म्हणाला आणि त्यानं चहा बशीत ओतला. गहिनीनाथ सांगायला लागला. हनुमंतानं चहा संपेपर्यंत त्याला दोनदा अडवलं.