कुंडमचे छत्रीवाले

आमच्या आईचा एक कायदा होता. जावयाला नाही म्हणायचं नाही. पोळी मागितली की वाढायची, चुकीचं बोलला तरी ऐकून घ्यायचं, रुसला तर आपणच जायचं समजूत काढायला. या कायद्यापायी आमचा जावई मरणाच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी कायदा पाळणारा मी होतो. कारखान्यात मला पाठीमागे ‘कायदेभट’ म्हणत, ते काही उगाच नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. जबलपूरला संध्याकाळी सगळे दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. मी ट्रकच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. फौजेला ट्रक हवे होते आणि कालच हवे होते, अशी परिस्थिती. नवी गाडी बाहेर पडली की तिच्यात वाळूची पोती भरायची, कुंडमच्या पुढपर्यंत पळवून आणायची आणि मग मी कागदावर सही करायची. त्या गाडीला नंबर नसे. बंपरवर खडूने लिहिलेला आकडा, बस.

गेटवर दोन नियम होते. माचीस, बिडी काढून ठेवायची. आणि ट्रायलच्या गाडीत पाने, जॅक काहीही न्यायचं नाही, कारण ते वाटेत चोरीला जात. हा दुसरा नियम मीच भांडून लावून घेतला होता. त्याचा मला भारी अभिमान होता. आज जीभ चावतो.

गाडी चालवणारे गुणवंत भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. कारखान्यात ते माझ्या हाताखालचे, आणि दीक्षितपुऱ्यात आमच्या घरी आले की मी त्यांच्या. आठवड्यापूर्वी ते उशिरा आले म्हणून मी त्यांच्या नावावर शेरा मारला होता. झालं. रविवारी जेवायला आले नाहीत. ताई रडली, आईने माझ्याशी बोलणं टाकलं.

म्हणून कुंडमच्या पुढे भाऊजींनी एका जंगली वाटेकडे बोट केलं आणि म्हणाले, “श्रीरंगराव, इकडून काढतो. दहा मैल वाचतात. आज तिसरी गाडी पण होऊन जाईल,” तेव्हा इन्स्पेक्टर म्हणून मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “चला, तुम्हाला ठीक वाटते तर.”

दोन मैलांवर नाला लागला. काठावरची माती वरून टणक, आतून पोकळ. उजवं चाक खचलं आणि गाडी हळूच, अगदी सवडीने कलायला लागली. भाऊजींनी दार उघडून उडी मारली. तीच चूक झाली. गाडी हातभर घसरली, पायदान त्यांच्या पायावर आलं, आणि मग ती एका सागाला टेकून थांबली. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो तेव्हा ते ओरडत नव्हते. नुसते आपल्या पायाकडे बघत होते. गुडघ्याखाली पाय नको त्या ठिकाणी वाकला होता आणि रक्त नळासारखं वाहून राहिलं होतं.

मला भीती वाटली. सांगायला लाज कसली? दोन वाजले होते. माणसाचा मागमूस नाही. आम्ही या वाटेने आलो हे देवालाही ठाऊक नव्हतं.

दाराच्या फुटलेल्या काचेच्या तुकड्याने मी ताडपत्रीची दोरी कापली. मांडीला बांधली, फळीची ढलपी त्यात अडकवून पीळ दिला. रक्त कमी झालं. मागच्या फाळक्याची फळी आधीच तडकली होती, ती लाथा मारून तोडली, सीटमधला काथ्या काढून मध्ये घातला आणि पायाला बांधली. मग भाऊजींना ओढत गाडीपासून लांब नेलं. गाडी पुन्हा घसरली तर म्हणून चाकांखाली वाळूची पोती रचली. नवी कोरी सरकारी गाडी मी अशी फाडत होतो, आणि डोक्यात मूर्खासारखा हिशेब चालू होता की याचा रिपोर्ट कोणत्या फॉर्मवर लिहायचा.

“पाणी,” भाऊजी म्हणाले.

“नाही आहे.”

“रेडिएटरात आहे ना.”

“त्यात गंज धुवायचं औषध आहे भाऊजी. मीच घालायला लावतो ते.”

“तुम्ही काय काय करायला लावता हो,” ते म्हणाले आणि डोळे मिटले. एरवी मी ताडकन उत्तर दिलं असतं.

त्यांचे ओठ पांढरे पडत होते. हात लावला तर थंडगार. ताडपत्री त्यांच्यावर घातली. साडेतीन झाले. मी एकटा पळत रस्त्यावर जाऊ शकलो असतो. पण दर थोड्या वेळाने दोरीचा पीळ जरा सैल करून पुन्हा आवळावा लागत होता, आणि त्या भागात अस्वलं आहेत हे कुंडमचा प्रत्येक माणूस सांगतो. रक्ताचा वास आणि बेशुद्ध माणूस एकत्र सोडून मी जाऊ कसा? आणि कुंदाताईला जाऊन सांगू काय?

हॉर्न दाबून पाहिला. पाच मिनिटं वाजवला. जंगलाने तो गिळून टाकला. मग विचार केला, आवाज नाही तर धूर. पण माचीस गेटवर.

बॅटरीच्या पेटीचं झाकण हाताने निघत होतं. मागच्या दिव्याची तार मी हिसकून काढली, दाताने सोलली. तिच्यातली एकच बारीक तार घेतली आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरली. ती लाल झाली, बोट भाजलं, तुटली. दुसरी घेतली. तिसरीला सीटमधला काथ्या धुमसला. मी फुंकत राहिलो, डोळ्यांतून पाणी. डिझेलच्या टाकीत बनियन बुडवून आणलं, त्याने पेट घेतला. मग पायाखालची रबरी चटई, चाकांमागचे रबरी पडदे, जे जे ओढून निघालं ते सगळं आगीत. काळाकुट्ट धूर सागाच्या वर उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी भाऊजींना हलवून दाखवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

अर्ध्या तासाने माणसं आली. सातजण. मी “अरे भैया” म्हणत धावलो, आणि चार पावलांवर थांबलो. सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. एकाकडे धनुष्य होतं, त्याचा बाण माझ्या पोटाकडे रोखलेला.

“हाथ ऊपर,” त्यांच्यातला एक तरुण म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या आठवड्यात गावोगावी दवंडी फिरली होती. दुश्मनाचे छत्रीवाले विमानातून जंगलात उतरतात, धूर करून विमानाला खूण देतात, अनोळखी माणूस दिसला तर सोडू नका. आमच्याही मोहल्ल्यात हीच अफवा होती. मी स्वतः गच्चीवर चढून दोन रात्री पहारा दिला होता.

“हम फैक्टरी के आदमी हैं,” मी म्हणालो. “जबलपुर से. एक्सिडेंट हुआ है.”

“गाड़ी का नंबर कहाँ है?”

नंबर नव्हता. खडूचा आकडा नाल्याच्या चिखलाने पुसला होता. मी खिशातून पास काढला. त्या तरुणाने तो उलटासुलटा पाहिला. वाचता त्यांच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. तेवढ्यात भाऊजी कण्हले आणि मी सवयीने बोललो, “भाऊजी, थांबा, माणसं आली आहेत, घाबरू नका.”

सगळे एक पाऊल मागे सरले. “ये कौन बोली है?”

“मराठी.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. मी बोलत गेलो, कारखाना, साहेबाचं नाव, नेपियर टाउनमधली दुकानं, जे सुचेल ते, आणि जितका बोलत गेलो तितके त्यांचे चेहरे घट्ट होत गेले. माझे दोन्ही हात पाठीमागे बांधले. माझीच ताडपत्रीची दोरी वापरली.

मग त्यांची आपसात चर्चा सुरू झाली. मला अर्धी समजत होती. तो तरुण म्हणत होता की माणूस खरंही बोलत असेल. तसं असेल तर यांना इथेच बांधून ठेवू, गावचा चौकीदार, कोटवार, परगावी पाहुणा गेला आहे, सकाळी येईल, मग तो बैलगाडी काढायची की नाही ते ठरवेल. एक म्हातारा, पांढरे खुंट वाढलेला, म्हणत होता की छत्रीवाले असतील तर थांबायचं नाही. दवंडीत सांगितलं होतं, जिवंत पकडून तडक ठाण्यात पोचवा. ठाणं कुंडमला, जंगलातल्या आडवाटेने सहा मैल.

सकाळ. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांची हनुवटी थरथरत होती आणि डोळे अर्धे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. सकाळ त्यांच्या नशिबात नव्हती. हे मला स्वच्छ कळलं.

मी आयुष्यात खोटी सही केली नाही. खोटी हजेरी लावली नाही, बायकोच्या भावाचीही नाही. माझ्या जिभेला खोटं वळत नाही, हे आमच्या घरातलं जुनं हसं. आणि समोर सात कुऱ्हाडी.

“बस करो,” मी म्हणालो. “पकड़ लिया तो पकड़ लिया. हम छत्रीवाले हैं.”

धनुष्यवाल्याने दोरी ताणली. तोही माझ्याइतकाच घाबरला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातून बाण सुटायला काय वेळ लागतो? माझी धोतराइतकी ढिली झालेली पँट ओली झाली, हेही सांगून टाकतो.

आणि त्याच वेळी भाऊजींना शुद्ध आली. त्यांनी ऐकलं असणार. मान वर करून त्यांनी स्वच्छ हिंदीत सांगितलं, “ये अकेला होगा. मैं तो खाली ड्राइवर हूँ भैया.”

मी काय बोलू आता? जावई. मला राग आला, हसू आलं, रडू आलं. कारण तरुण लगेच म्हणाला, मग या एकालाच न्या, तो पडू द्या.

“झूठ बोलता है,” मी ओरडलो. “साहब वो है. मैं तो उसका नौकर. कितने उतरे, कहाँ उतरे, सब उसके पेट में है. वो मर गया तो थाने में क्या दोगे? मुझे? मुझे कुछ नहीं मालूम.”

म्हातारा माझ्यासमोर आला. कुऱ्हाडीचं पातं माझ्या गळ्याला लावून त्याने बराच वेळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. लोखंड थंड होतं. मी डोळे मिटले नाहीत.

“उठाओ इसको,” तो म्हणाला.

ताडपत्री दोन बांबूंना बांधून डोली केली. पीळ कधी सैल करायचा, कधी आवळायचा ते मी सांगत होतो आणि ते मुकाट करत होते. मग ते पळाले. खरंच पळाले. चढ, उतार, काटे, नाले. खांदा बदलायलाही थांबत नव्हते, चालता चालता बदलायचे. म्हातारा एकदाही खांदा सोडायला तयार नव्हता. पाठीमागे बांधलेल्या हातांनी मी त्यांच्या मागे ठेचाळत होतो, आणि दोनदा पडलो तर मला केसांना धरून उठवलं.

अंधार पडता पडता ठाणं आलं. ठाणेदाराने माझा पास पाहिला, भाऊजींचा पाहिला, आणि कपाळाला हात लावला. माझे हात सोडले. शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने भाऊजींची नाडी धरली. “पाय जाईल,” तो हिंदीत म्हणाला, “पण माणूस राहील. आणखी तासभर झाला असता तर नसता राहिला.” जीप काढली. त्यांना आत ठेवलं. मी जीपच्या चाकाशी बसून पोरासारखा रडलो.

ठाणेदार बाहेर येऊन त्या सातजणांना हसत हसत सांगत होता की हे कोणी छत्रीवाले नाहीत, आपल्याच कारखान्याचे आहेत, याने तुम्हाला पळवायला थाप मारली. बाकीचे हसले. तो धनुष्यवालाही हसला.

म्हातारा पायरीवर बसला होता. सदरा खांद्याला चिकटला होता आणि त्यातून रक्त पाझरत होतं. तो हसला नाही. मी त्याच्या पायाशी वाकलो तर त्याने पाय मागे घेतले.

“बाबू,” तो म्हणाला, “आदमी मर रहा है, इतना ही बोल देते. हम नहीं उठाते क्या?”

जीपचा हॉर्न वाजत होता. मी तसाच वाकून उभा राहिलो.