नकाशातलं घर

माझ्या नवऱ्याला पुस्तकं वाचायची नसतात, जपायची असतात. तीही कसली, तर राक्षस, उडते घोडे आणि बोलणारी झाडं यांच्या गोष्टींची, आणि त्यांचीही पहिलीच आवृत्ती. दुसरी आवृत्ती म्हणजे त्याच्या लेखी रद्दी. लिलावाच्या दिवशी फोन कानाला लावून बसला की घरात भांडं वाजलेलं चालत नाही. कुठलं पुस्तक कुठे कितीला गेलं ते त्याला तोंडपाठ, माझा वाढदिवस मात्र दरवर्षी मीच सांगायचा.

वरचं कागदी वेष्टन फाटलं की भाव पडतो. आत कुणी पेन्सिलीने नुसतं नाव लिहिलं असलं तरी पडतो. म्हणून घरात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी बाइंडरकडे जायचं, आणि बाइंडरला कायमची ताकीद होती, पेन्सिलीची एक रेघ दिसता कामा नये.

अशा घरात आमचा मुलगा जन्माला आला. पुस्तकांचे कोपरे कुरतडायचा म्हणून बापाने त्याचं नाव उंद्या ठेवलं. एकदा या उंद्याने कपाटातलं सगळ्यात महागडं पुस्तक काढलं आणि सुरुवातीच्या नकाशावर, समुद्राच्या मोकळ्या जागेत, एक घर काढलं. घरापुढे एक छोटं माणूस आणि त्याचा हात धरलेलं एक मोठं माणूस. बापाने पाठीत असा धपाटा घातला की पोरगं कळवळलं. मी मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर भागलं. पुढच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि उंद्या गेला.

तेव्हापासून ते पुस्तक माझं झालं. कामं आवरली की मी नकाशाचं पान उघडून त्या दोघांकडे बघत बसायची. त्याचे कपडे देऊन टाकले होते, वह्या शाळेतच राहिल्या. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. नवऱ्याने ते पुस्तक कधी लिलावात काढलं नाही. मला वाटायचं, डागी मालाला गिऱ्हाईक नाही, म्हणून पडलंय घरात. तसं एकदा त्याच्या तोंडावर बोललेही.

उघडून उघडून ते पान शिवणीतून सुटायला लागलं. एका सकाळी पाहते तर पुस्तक जागेवर नाही. नवरा म्हणाला, पान हातात यायच्या आत शिवून आणायला दिलंय, तुझे हाल बघवत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मी न मागता माझ्यासाठी काही केलं होतं. मला खूप बरं वाटलं.

बाइंडर स्वतः पुस्तक घेऊन आला. कापडाच्या घड्या सोडवून त्याने नकाशा उघडून दाखवला. पान घट्ट बसलं होतं आणि समुद्र कोरा होता.

"फार दाबून चालवली होती हो कुणीतरी पेन्सिल," तो खुशीत सांगायला लागला. "खोडल्यावरही कागदावर वळ राहिले होते. पान ओलसर करून वजनाखाली ठेवलं, तेही गेले. याचे पैसे नकोत, तुम्ही जुनं गिऱ्हाईक."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाइंडरचा काय दोष? त्याला आम्हाला मूल होतं हेदेखील ठाऊक नव्हतं. उंद्याचं नाव नवऱ्याने घराबाहेर कधी काढलंच नाही. चित्राला हात लावू नकोस, एवढं तरी सांगायचं होतंस, मी म्हटलं. जीभ रेटली नाही, तो म्हणाला.

बातमी लपते थोडीच! बाइंडरकडून कळलं असणार, संध्याकाळी लिलाववाल्याचा फोन आला. इतकी निर्मळ प्रत दुसरी नाही म्हणाला, आणि असा आकडा सांगितला की आमचं घर आणि शेजाऱ्याचंही त्यात आलं असतं. उद्या माणूस पाठवतो म्हणाला. विकून टाक, मी नवऱ्याला सांगितलं. ते कोरं पान मला घरात नको होतं.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेले तर नवरा चष्मा लावून टेबलाशी वाकून बसलेला. पुढ्यात नकाशा उघडा, हातात पेन्सिल. समुद्रात घर उभं राहिलं होतं. तिरकं छप्पर, नको तितकं उंच दार, सगळं जसंच्या तसं. छोटं माणूसही जमलं होतं. मग त्याने मोठं माणूस काढलं आणि तोंडावर दोन गोल काढले.

"चष्मा नव्हता," मी म्हटलं. "डोक्यावर अंबाडा होता. ती मी होते."

"तो मी होतो," तो म्हणाला. "तू बाहेर गेलीस की मी पुस्तक उघडून बघायचो. ज्या हाताने त्याला मारलं, तोच हात त्याने धरला होता."

मी डोळे मिटून आठवायला लागले. इतकी वर्षं रोज बघितलेलं चित्र. डोक्यावर एक गोल होता, की तोंडावर दोन? काही केल्या दिसेना. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"खोडू का?" त्याने विचारलं.

"असू दे," मी म्हटलं. "कुणीही असलं तरी उंद्याने कुठे काढलंय ते आता?"

मग मी दार उघडलं आणि लिलाववाल्याच्या माणसाला बाहेरूनच सांगितलं, पुस्तकावर पेन्सिलीने गिरगटलंय, तुमच्या काही कामाचं नाही.