वायरची वाटणी

सत्याला कितीही खोल गाडा, एक दिवस ते उजेडात येणारच, असं मी त्या सकाळी चहाच्या टेबलावर खणखणीत आवाजात जाहीर केलं.

"आलंय," बायको म्हणाली. "तुमचा चष्मा फ्रीजमध्ये होता." आणि तो गारढोण चष्मा तिने माझ्या बशीशेजारी ठेवला.

चहाच्या वाफेने काचा धुरकटल्या, निश्चय मात्र धुरकटला नाही. माझ्या झाडावरची लिंबं नाहीशी होत होती आणि चोर कोण, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. चोर भिंतीपलीकडे राहत होता आणि तो माझा सख्खा धाकटा भाऊ होता. अकरा महिन्यांपूर्वी मी त्याला गल्लीभर ऐकू जाईल असं चोर म्हटलं. त्यावर त्याने गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, की झाडाखालची वाळकी पानं मी रोज त्याच्या अंगणात लोटतो. धादांत खोटं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. आता पुरावा हवा होता, म्हणजेच कॅमेरा.

"खुशाल लावा," बायको म्हणाली, "पण भिंतींना नुकताच रंग दिलाय. एक भोक पाडलंत, तर त्याच भोकात खुंटी ठोकून तुम्हाला टांगेन."

कॅमेरेवाल्याने तोडगा काढला. टीव्हीला छपरावरचा अँटेना लागायचा, त्या काळातली जाड काळी वायर अजून भिंतीच्या पोटात होती. एक टोक बैठकीच्या खोलीत कपाटामागे, दुसरं बाहेर छज्ज्याखाली, नेमकं लिंबाच्या डोक्यावर.

"काका, तुमच्या वडिलांनी जणू कॅमेऱ्यासाठीच घालून ठेवलीय बघा."

वडिलांच्या दूरदृष्टीबद्दल मी चार शब्द बोललो. ते संपायची वाट न पाहता त्याने वायर मोकळी आहे का बघायला टोक ओढलं. वायर हातभर बाहेर आली. मग हातभर परत आत गेली.

त्याने पुन्हा ओढलं. ती पुन्हा गेली, या वेळी जरा रागाने.

"काका, पलीकडे कोण राहतं?"

"माझा भाऊ."

"ते ओढतायत."

भिंतीतून आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? माझी वायर सोड!"

"तुझी? कुठल्या कागदावर?" मी ओरडलो. अकरा महिन्यांनंतरचं आमचं हे पहिलं संभाषण.

मी वाटणीचा कागद काढला. पलीकडेही कपाट करकरलं. चौदा पानं होती. वाटणी आम्ही चोख केली होती. झाड मला, अंगणातला नळ त्याला. शिडी त्याला, पण वर्षातून चार चढण्या मला. दारावरची घंटा मला आणि तिचं बटण त्याला. त्यामुळे गेल्या नऊ वर्षांत आमच्याकडे कोण कोण येऊन गेलं, हे दोघांनाही कळलेलं नाही. चौदा पानं दोनदा वाचली. वायरचा उल्लेख कुठेच नव्हता.

"म्हणजे हिची वाटणी राहूनच गेली की," कॅमेरेवाला म्हणाला आणि माळ्यावर चढला. खाली आला तो डोक्यावर जळमटांची टोपी घालून. "छज्ज्याखालून एकच वायर आत येते. माळ्यावर तिला दोन फाटे. एक तुमचा, एक त्यांचा. तेही कॅमेरा जोडत बसलेत, स्वतःच."

"त्याला कशाला हवा कॅमेरा?"

"पानांसाठी!" भिंत म्हणाली.

"भांडू नका. एका वायरवर कॅमेरा एकच लागेल, पण चित्र दोन्ही घरांत दिसेल. चालेल?"

मला तर धावणार होतं. चोराने आपली चोरी आपल्याच टीव्हीवर बघावी, आणखी काय हवं? भिंतीलाही लगेच पटलं, याचं मला जरा नवल वाटलं. अटी आरपार ठरल्या. जो खोटा ठरेल त्याने दुसऱ्याच्या दारात जायचं, चपला काढायच्या आणि 'चुकलो' म्हणायचं.

"मोठ्याने," मी म्हणालो.

"वहिनीच्या देखत," भिंत म्हणाली.

वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, एकाएकी ठसका लागला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

कॅमेरा बसला. चित्र तपासायला मला झाडाखाली उभं केलं. घरातून कॅमेरेवाला "दिसतंय, दिसतंय" म्हणाला आणि भिंतीपलीकडून खो खो हसू आलं.

"दादा, डोक्यावर मागच्या बाजूने चंद्र उगवलाय की रे!"

मी घरात येऊन बायकोकडे पाहिलं. "पुऱ्या बशीएवढा आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दोन दिवस मी घरातही टोपी घालून टीव्हीसमोर बसलो. तिसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, सत्य उजेडात आलं. त्याच्या हातात स्टूल होतं आणि ते माझी बायको होतं.

ती स्टुलावर चढली. आठ लिंबं तोडली. फडक्यात बांधून भिंतीवरून पलीकडे दिली. पलीकडून दोन हात वर आले आणि लिंबं घेऊन गेले. मग हिने खाली उतरून वाळकी पानं टोपलीत भरली आणि टोपलीही पलीकडे दिली. रिकामी टोपली परत आली. तिच्यात लिंबाच्या सरबताची बाटली होती. ती बाटली मी ओळखली. 'विकतचं असून बरं आहे' म्हणत उन्हाळाभर मीच प्यायलो होतो. शेवटी हिने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि एक लिंबू हलवून दाखवलं.

"पानं कशाला?" ती आत आल्यावर मी एवढंच विचारू शकलो.

"पलीकडे माझ्या जावेच्या कुंड्यांना. अकरा महिन्यांत एकदा तरी विचारलंत का मला? दोघंही थेट चोर धरायला निघालात. आता बघताय काय? टोपी काढा आणि चपला घाला."

पलीकडे भिंत घसा खाकरत होती. मीही खाकरलो. ती पुन्हा खाकरली. 'चुकलो' हा शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिला. तिन्ही वेळा तो 'चुकलास' असा बाहेर पडला. पण गल्लीभर चोर म्हणणारा मी होतो आणि थोरलाही मीच होतो. निघालो. हिने मागे मागे यायचं कारण नव्हतं, पण आली.

भावाच्या दारात मी चपला काढल्या. घंटेचं बटण दाबलं. ती माझ्या घरात वाजली. मग दार ठोठावलं. धाकट्याने उघडलं. मागे त्याची बायको उभी होती.

"चुकलो," मी मोठ्याने म्हणालो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलले. त्याने माझा हात घट्ट धरला, बायकांकडे एकदा पाहिलं आणि मला जरा बाजूला ओढलं.

"मीही चुकलोच, दादा. पण ते राहू दे. तू आता घरी जाऊन टीव्हीसमोर बस. मी झाडाखाली पाठ करून उभा राहतो," तो कानात म्हणाला. "माझं मागून किती गेलंय, तेवढं खरं सांग."